सासूबाईंचा शंभर टक्के सोबा

टोकियोतल्या मराठी मंडळींत एक गृहस्थ आहेत. आम्ही घरात त्यांना 'तज्ज्ञ' म्हणतो. तोंडावर अर्थात 'दादा', कारण ते आमच्या आधी पुष्कळ वर्षं जपानात आले आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नाहीत. नवीन कुटुंब निशी-कसाईतल्या भारतीय वस्तीत उतरलं, की कुठल्या दिवशी कुठला कचरा टाकायचा हे सांगायला ते हजर असतात. इथवर ठीक, ते उपयोगाचंच आहे. पण कचऱ्यावरून जे सुरू होतात ते जपानी माणसाच्या अंतर्मनापर्यंत जाऊन थांबतात, आणि तोवर समोरचा चहा निवून गेलेला असतो. चहातही त्यांना साखर चालत नाही. "इतकी वर्षं इथे राहिलं की जीभ बदलते," असं म्हणतात. त्यांच्या बायकोची बदलली नसावी. ती मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून पुण्याला गेली, मुलगी शिकून नोकरीला लागली, तरी बाई तिकडेच आहेत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सोलापूरच्या. तिथल्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मग एका वाक्यात त्याला खाली बसवायचं ही त्यांची जुनी सवय. खाण्याच्या बाबतीत कडक शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. मी मूळची अलिबागची. त्या घरात नसताना माझ्या स्वयंपाकघरात काय शिजतं हे त्यांना माहीत आहे, त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे, आणि इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी तो विषय काढलेला नाही. संसार असाच चालतो.

तोयोसुच्या आमच्या टॉवरमध्ये गॅस नाही, इंडक्शनची शेगडी आहे. तिच्यावर भाकरी फुगत नाही. सासूबाईंनी पहिले काही दिवस नेटाने प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "हिला आचच नाही गं. नुसतीच गरम होते. काही माणसं असतात तशी." सोलापूरहून आणलेलं ज्वारीचं पीठही तोवर संपलं. निशी-कसाईच्या दुकानात पाकीट मिळतं, पण ते घरी आणून फोडल्यावर त्यांनी पीठ चिमटीत धरलं, हुंगलं आणि पाकीट तसंच दुमडून ठेवून दिलं. तेव्हापासून त्या भातावर होत्या आणि तक्रार करत नव्हत्या. त्यांनी तक्रार केली नाही की मला जास्त भीती वाटते.

अशा वेळी मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला तज्ज्ञांची आणि त्यांची गाठ पडली.

"काय काय बघितलंत काकू टोकियोत?"

"देवळं बघितली. समुद्र बघितला. ते शंभर येनचं दुकान बघितलं, तिथं दोनदा गेलो."

तज्ज्ञांनी डोळे मिटून घेतले. कुणाच्या तरी निधनाची बातमी ऐकावी तसे.

"हे पर्यटकांचं जपान झालं," ते म्हणाले. "तुम्हाला खरं जपान दाखवायला हवं. सोबा खायला घालतो तुम्हाला. स्टेशनवर उभ्याने खातात तो नव्हे. खरा सोबा."

सोबा म्हणजे कुट्टूच्या, उत्तरेकडे उपासाला खातात त्या बकव्हीटच्या, पिठाच्या शेवया. इथे त्या गल्लोगल्ली मिळतात. ऑफिसातली माणसं दुपारी दहा मिनिटांत भुरकून परत कामाला लागतात. पण तज्ज्ञांच्या तोंडी सोबा हा पदार्थ राहत नाही. कोतो भागात म्हणे एक ठिकाण आहे, अगदी मोजक्या खुर्च्यांचं. तिथला मालक जात्यावर स्वतः पीठ दळतो आणि मनात आलं नाही तर त्या दिवशी दुकान उघडतच नाही. नव्या हंगामाचा कुट्टू नुकताच आलेला आहे. जागा मिळणं अशक्य आहे, पण तज्ज्ञांना मिळेल.

माझ्या नवऱ्याने "त्या रविवारी माझं ऑफिसचं काम आहे" असं रविवार ठरायच्या आतच सांगून टाकलं.

तज्ज्ञांनी तिथेच हॉलच्या कोपऱ्यात उभं राहून फोन लावला. फोनवरच्या माणसाला ते कमरेत वाकून नमस्कार करत होते. बोलण्यात एक शब्द फार आदराने पुन्हा पुन्हा येत होता: जूवारी. सासूबाईंनी हातातली करंजी ताटलीत ठेवली.

"ज्वारी म्हणाले ना गं ते?"

"नाही आई. जूवारी. जू म्हणजे दहा, वारी म्हणजे भाग. दहाच्या दहा भाग कुट्टू, गव्हाची भेसळ नाही. शंभर टक्के."

"मग ज्वारी किती टक्के?"

"ज्वारी नाहीच आहे."

त्यांनी करंजी पुन्हा उचलली. "नाव ज्वारी आणि आत ज्वारी नाही. बरं." त्या 'बरं'मध्ये शाळा तपासायला आलेले सगळे अधिकारी एका रांगेत उभे होते.

रविवारी तज्ज्ञ आम्हाला स्टेशनवर भेटले. त्यांनी राखाडी रंगाचा बिनकॉलरचा सदरा घातला होता आणि हातात घडीचा पंखा होता. हवेत गारठा होता. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी नियम सांगायला सुरुवात केली. तिथे मोठ्याने बोलायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. सोबा समोर आला की थांबायचं नाही, तो वाळतो. अत्तर तर नाहीच, पण कसलाच वास अंगाला नको, कारण कुट्टूचा गंध फार नाजूक असतो. हे त्यांनी मला आदल्या दिवशी मेसेजवरही कळवलं होतं, आणि त्यापायी सासूबाईंनी सकाळी डोक्याला खोबरेल लावलं नव्हतं.

"तेल न लावता मी शाळेतसुद्धा कधी गेले नाही," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

मी तज्ज्ञांना हळूच विचारलं, "दादा, आई शाकाहारी आहेत हे सांगितलंय ना तिथे?"

"सगळं बोलून ठेवलंय. ती काळजी तुम्ही करू नका."

दुकानाला पाटी नव्हती. पाटी लावणं हलकं समजतात म्हणे. एक भिंत, भिंतीशी कुंडीत एक रोप, आणि दाराला आखूड कापडी पडदा. आत एकाच लांबलचक फळीचं टेबल होतं. तिच्यासमोर ओळीने खुर्च्या आणि पलीकडे मालक. फळी कुठल्या झाडाची आहे हे तज्ज्ञांनी सांगितलं, ते झाड कुठल्या डोंगरावर होतं तेही सांगितलं. शेजारी एक जोडपं बसलं होतं. ते एकमेकांशी अजिबात बोलत नव्हतं, पण ते नियमामुळे की लग्नामुळे हे कळायला मार्ग नव्हता.

मालक पन्नाशीचे, गोटा केलेले, पांढऱ्या कपड्यांतले. सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी यजमानाकडे जसे बघतात, हा चुकणार, फक्त कुठे ते बघायचं, तसे त्यांनी आमच्याकडे बघितलं. त्यांच्या पत्नीने किमोनोच्या बाह्या सावरत आमच्यासमोर गरम चहा ठेवला आणि ब्रशने लिहिलेलं एक कार्ड ठेवलं. मी इथल्या एका ट्रेडिंग कंपनीत काम करते. सुंदर जपानी मला बोलता येत नाही, पण वाचता येतं. कार्डावर पदार्थांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्या पाहुण्यांना काही पथ्य आहे किंवा माशाचा अर्क चालत नाही, त्यांचं स्वागत करायला आम्ही असमर्थ आहोत, क्षमा असावी.

"दादा, हे वाचलंत का?"

"वाचलंय," तज्ज्ञ मालकांकडे बघून हसत, मराठीत, ओठ न हलवता म्हणाले. "म्हणून तर मी पथ्याचं काही बोललोच नाही. बोललो असतो तर जागा दिली असती का?"

"मग आई खाणार काय?"

"अहो, इथे आधी डोळ्यांनी खायचं असतं."

पहिल्यांदा आला एका लाकडी चमच्याला थापून भाजलेला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण. नखाएवढा. सासूबाईंनी तो चाटून बघितला. "चटणीसारखं आहे. बरंय." मला जरा हायसं वाटलं.

मग एका निळ्या बशीत कडेला गुलाबी असलेले पांढरे काप आले.

"घ्या काकू. पनीर समजा," तज्ज्ञ म्हणाले.

"आई, थांबा," मी म्हटलं. "दादा, हा मासा आहे."

"वाटलेला आहे हो. दिसतोय का कुठे मासा?"

सासूबाईंनी काप निरखून बघितले. मग दोन बोटांनी बशी सरकवत सरकवत माझ्यासमोर आणली. "तू घे," त्या म्हणाल्या. माझ्या लग्नानंतर सासूबाईंनी मला स्वतःच्या हाताने मासा वाढल्याची ही पहिली वेळ. मी मान खाली घालून खाल्ला. फार चांगला होता. त्यानंतर माशाच्या पाण्यात कालवलेलं अंड्याचं ऑम्लेट आलं, तेही माझ्याकडे सरकलं. मग तळलेली कोळंबी आली. त्या दुपारी मी दोघींचं जेवत होते. माझ्या शेजारी सासूबाई हिरवा चहा पीत ताठ बसून होत्या, आणि तज्ज्ञ प्रत्येक घासाला डोळे मिटत होते.

शेवटी सोबा आला. बांबूच्या चाळणीवर करड्या रंगाच्या शेवयांची एक छोटीशी गुंडी, सोबत एका पेल्यात काळसर सार. मालक हात धुऊन समोरच उभे राहिले. ते बघत नाहीत असं दाखवत बघत होते.

तज्ज्ञांनी चॉपस्टिकने शेवया उचलल्या, सारात बुडवल्या आणि असा भुरका मारला की शेजारच्या जोडप्याने पहिल्यांदाच एकाच वेळी एका दिशेला पाहिलं.

"आवाज करायचा, काकू. भुरक्याबरोबर गंध नाकात जातो. इथे तो शिष्टाचार आहे."

"आमच्याकडं आमटीचा असा भुरका मारला की पोराला पाठीत बसायची," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी साराचा पेला नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यात?"

"मासा," मी म्हटलं.

"मासा नव्हे!" तज्ज्ञ कळवळले. "माशाचा अंश. वाळवलेला, धुरी दिलेला, किसलेला, उकळलेला आणि मग गाळून काढून टाकलेला. सारात उरतं काय, काकू? माशाची आठवण."

"आठवणसुद्धा मला चालत नाही, भाऊ," सासूबाई म्हणाल्या, आणि पेला बाजूला ठेवला.

पण त्यांना भूक लागली होती. सकाळी लवकर न्याहारी करून निघालो होतो आणि आता दुपार उतरायला लागली होती. चॉपस्टिक त्यांना जमत नव्हत्या. त्यांनी एक शेवई बोटांनी उचलली, सवयीने हुंगली आणि तोंडात घातली. चावून चावून खाल्ली. मग दुसरी.

मालकांचे हात थांबले. ते पुढे आले आणि तज्ज्ञांना जपानीत म्हणाले, "आईसाहेब सार घेत नाहीत. माझ्याकडून काही चूक झाली का?"

तज्ज्ञांचा चेहरा मला अजून आठवतो. खरं सांगावं तर जागा खोटं बोलून मिळवली हे उघडं पडणार. न सांगावं तर मालकांचं सार नापास झालं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे बघितलं, आणि ते अतिशय गंभीर आवाजात म्हणाले, "तसं नाही. या धान्याच्या प्रदेशातून आल्या आहेत. आयुष्यभर धान्य पारखत आल्या. आता त्या अशा टप्प्यावर आहेत, की त्यांना कुट्टूच्या चवीच्या आड दुसरं काही यायला नको असतं."

मालकांनी सासूबाईंकडे पाहिलं. करंगळी जराशी वर ठेवून त्या तिसरी शेवई हुंगत होत्या. मालक सावकाश खाली वाकले. फळीला कपाळ लागतंय की काय इतके.

"काय झालं त्यांना?" सासूबाईंनी मला विचारलं.

"त्यांना वाटतंय की तुम्हाला खरी चव कळते."

"कसली चव? मला काहीच लागत नाहीये ह्याला. जरा मीठ माग की."

"इथे मीठ मागायचं नसतं," तज्ज्ञ कुजबुजले.

मी मागितलं. माझ्या ऑफिसातल्या, इन्व्हॉइस मागायच्या जपानीत मागितलं. मालकांनी दीर्घ श्वास आत घेतला. पत्नीकडे बघितलं. पत्नी आत गेली आणि रुमालात बांधलेली एक डबी घेऊन आली. कुठल्याशा बेटावरचं मीठ होतं, मालकांनी स्वतः भाजलेलं. ते सगळ्यांना देत नाहीत, असं मालक मला म्हणाले, कारण सगळे मागत नाहीत. सासूबाईंनी मीठ घेतलं, शेवयांवर भुरभुरलं, आणि आता जरा बऱ्या लागल्यामुळे भराभर खायला लागल्या. मग त्यांनी गरम पाणी मागितलं. त्या जेवताना नेहमीच गरम पाणी घेतात, त्यांना थंड बाधतं. मालकांनी शेवया उकडलेलं दाटसर पाणी लाखेच्या भांड्यातून आणून दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर ठेवलं. सहसा ते अगदी शेवटी देतात, सारात ओतून प्यायला. सासूबाई ते तसंच प्यायल्या.

"पेज आहे की ही," त्या म्हणाल्या. "पोटाला चांगली."

मालकांनी माझ्याकडे अपेक्षेने बघितलं. मी जपानीत सांगितलं, "पोटाला चांगलं आहे म्हणतायत." मालकांनी मान हलवली, जणू हे वाक्य ऐकायला त्यांनी इतकी वर्षं जातं ओढलं होतं. माणूस एकदा श्रद्धेला पेटला की त्याला तुम्ही साधं 'बरं' म्हटलंत तरी पुरतं.

इकडे तज्ज्ञांचा सोबा वाळत होता. इतकी वर्षं ते त्या दुकानात येत होते, त्या मालकांच्या एका नजरेसाठी, आणि मालक आता त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. मला त्या माणसाची थोडी कीव आली असती, पण कोळंबी अजून घशाशी होती. तज्ज्ञांनी एकदा घसा खाकरला. मग आपला साराचा पेला हळूच बाजूला सरकवला, रुमालातल्या डबीतलं मीठ चिमूटभर घेतलं, शेवया नाकाशी नेल्या आणि डोळे मिटले.

"सार बिघडलंय का?" मालकांनी विचारलं.

तज्ज्ञांनी डोळे उघडले. "छे छे. उत्कृष्ट आहे. मलाही वाटलं, आज जरा कुट्टूचीच..."

"तुम्ही बुडवून खा," मालक म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "तुम्हाला बुडवूनच आवडतं. तुम्ही नेहमी पूर्ण बुडवता."

यातली मेख मला नंतर एका सहकाऱ्याने समजावली. शेवयांचं फक्त टोक सारात बुडवायचं असतं, जेमतेम. पूर्ण बुडवणं म्हणजे अडाणीपणा. जाणकाराला हे असं तोंडावर सांगणं म्हणजे शास्त्रीय गायकाला 'तुमची गाणी टाळ्या वाजवायला बरी पडतात' म्हणण्यासारखं आहे. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की तज्ज्ञांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्यांनी पेला परत जवळ ओढून उरलेला सोबा मुकाट्याने, अजिबात आवाज न करता खाल्ला.

शेवटी कार्डावर नसलेला एक पदार्थ आला, फक्त सासूबाईंसाठी. कुट्टूचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला गरम गोळा. त्यांनी खाल्ला. पूर्ण खाल्ला.

"उकड," त्या मला म्हणाल्या. "छान घोटलीय, गुठळी नाही. पण लसणाची फोडणी पाहिजे होती वरनं."

"काय म्हणाल्या?" मालकांनी विचारलं. या वेळी त्यांनी तज्ज्ञांना नाही, मला विचारलं.

"एकही गुठळी नाही म्हणाल्या," मी सांगितलं. फोडणीचं राहू दिलं.

निघताना मालक आणि त्यांच्या पत्नी बाहेर गल्लीत आले. त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला. आम्ही वळणापर्यंत जाईतो दोघं वाकून उभी होती. सासूबाईंनी दोनदा मागे वळून हात जोडले.

"मन लावून करतो हो बिचारा," त्या म्हणाल्या. "चवीला काही नाही, पण मन लावून करतो."

स्टेशनपर्यंत तज्ज्ञ दोन पावलं पुढे चालत होते. पंखा त्यांनी पिशवीत ठेवून दिला होता. प्लॅटफॉर्मवर मात्र त्यांना राहवलं नाही.

"काकू, आज काय झालं ते तुमच्या लक्षात आलं नाही. त्या माणसाने असा मान आजवर कुणाला दिलेला नाही."

"तुमच्या ओळखीनं झालं की सगळं," सासूबाई म्हणाल्या. "पण भाऊ, तुम्ही नीट जेवला नाहीत. मी बघत होते. घरी चला, पिठलं टाकते."

मला वाटलं ते नाही म्हणतील. ते आले. आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये सरळ समोर बघत उभे राहिले. घरी माझा नवरा, ज्याचं ऑफिसचं काम होतं, तो सोफ्यावर झोपला होता. सासूबाईंनी आधी डोक्याला तेल लावलं, मग त्या स्वयंपाकघरात शिरल्या, आणि थोड्याच वेळात घरभर हिंग-लसणाचा वास सुटला. मी मात्र एक घासही घेऊ शकत नव्हते.

तज्ज्ञ पाय दुमडून बसले आणि पिठलं-भात जेवले. दुसऱ्या वाढीला त्यांनी कांदा मागितला. सासूबाई समोर बसून त्यांना मुलीचं, बायकोचं विचारत होत्या, आणि ते सरळ, लहान लहान वाक्यांत उत्तरं देत होते. बायको पुण्यातच बरी आहे. रविवारी फोन होतो. घरी एकट्यासाठी काय करायचं, म्हणून दुकानातला डबा आणतो. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांच्या तोंडून जपानी माणसाच्या अंतर्मनाखेरीज दुसऱ्या कुणाच्या मनाबद्दल काही ऐकलं नव्हतं. मला क्षणभर वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांना घरात 'तज्ज्ञ' म्हणायचं आता बंद करावं असं मी ठरवतही होते.

तेवढ्यात त्यांनी हात धुतले, चहा घेतला, साखरेचा, आणि मांडी ठोकून माझ्या नुकत्याच जागा झालेल्या नवऱ्याला म्हणाले, "खरं बघितलंस तर पिठलं म्हणजे आपला सोबाच. फरक आहे तो दृष्टीचा." आणि पुढचा तासभर त्यांनी तो फरक सांगितला.

जानेवारीत मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात त्यांनी ही हकीगत सगळ्यांना ऐकवली. तिच्यात ते होते, मालक होते, मीठ होतं आणि उकडीचा गोळा होता. सार बाजूला सारणारा माणूसही होता, फक्त तो सोलापूरचा नव्हता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मला पाहिलं, जरा थांबले, आणि पुढे सांगू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार.

सासूबाई तोवर सोलापूरला परत गेल्या होत्या.

फेब्रुवारीत एके दिवशी ऑफिसात असताना मला तज्ज्ञांचा फोन आला. आवाज पडलेला. त्यांना त्या दुकानात जागा मिळत नव्हती. तीनदा विचारून झालं, तीनदा मालकीणबाईंनी अतिशय नम्रपणे सगळं भरलंय म्हणून सांगितलं. मी एकदा विचारून बघेन का? माझा नंबर त्यांच्याकडे आहे.

मी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. मालकीणबाईंनी मला लगेच ओळखलं. आईसाहेबांची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, चांगली आहे. मालक रोज त्यांची आठवण काढतात, त्या म्हणाल्या. आईसाहेब येणार असतील तर जागा कधीही आहे, कुठलाही दिवस सांगा. मी विचारलं, आणि आमचे ते परिचित गृहस्थ एकटेच यायचे असतील तर? मग त्या म्हणाल्या, "त्यांना आईसाहेबांबरोबर आणा ना."

हे मी तज्ज्ञांना जसंच्या तसं कळवलं. त्यात मला मजा आली नाही असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "काकूंचा व्हिसा पुन्हा कधी करताय? कागदपत्रांचं मी बघतो."

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता ऊन तापायला लागलंय, पापड घालायचेत, शेजारच्या दोघीजणी येणार आहेत, ते उरकल्याशिवाय मी कुठंही हलणार नाही.

तेही मी तज्ज्ञांना कळवलं. दोन मिनिटांत त्यांचा मेसेज आला. पापडांना साधारण किती दिवस लागतात, असं त्यांनी विचारलं होतं.